काही निघालं असतं तर

हृदयाच्या बंद पडत आलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हा शिंप्याच्या हातातून एक नळी रक्त जास्तीचं घेतलं. कुणाची वाहिनी पुन्हा अरुंद होणार हे रक्तावरून आधीच कळतं का, याचं संशोधन चाललं होतं. संमतीची सही करताना हा गडी नवरदेवासारखा ताठ बसला होता.

त्यानंतर त्याने बायकोचं काही म्हणून ऐकलं नाही. जिना चढताना त्याची छाती आवळली की ती म्हणायची, "अहो, एकदा दाखवून या." हा शिलाई मशीनवरून मानही वर न करता सांगायचा, "माझं रक्त त्यांच्याकडे आहे. काही निघालं असतं तर फोन आला असता. उगाच जिवाला घोर लावू नकोस."

फोन आला नाही. एका दुपारी तो मशीनवरच कोसळला आणि गेला. तीच वाहिनी पुन्हा बंद झाली होती.

कागदपत्रं आणायला ती दवाखान्यात गेली, तेव्हा संशोधन करणारी डॉक्टरीण भेटली.

"यांच्या रक्तात काय निघालं होतं?" तिने विचारलं.

डॉक्टरीण चपापली. "अजून तपासलेलं नाही, ताई. सगळ्यांच्या नळ्या गोठवून ठेवतो आणि शेवटी एकदम तपासतो. सही घेतानाच सांगितलं होतं आम्ही." मग समजूत घालावी तशी म्हणाली, "पण त्यांचं रक्त वाया जाणार नाही. वाहिनी पुन्हा बंद झालेले रुग्णच आम्हाला अभ्यासाला कमी मिळतात."

"मग आता तरी फोन करा," शिंपीण म्हणाली. "मशीनजवळच ठेवलाय त्यांचा."