सगळ्यांत बारीक खंड

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही ताईची लहानपणापासूनची खोड. त्या खोडीपायीच प्रौढ वर्गाच्या समारंभात, टाळ्यांच्या भरात, ती बोलून गेली होती, "या वर्गात वाचायला शिकलेल्या माणसानं पहिलं पुस्तक घरी नेलं, की ते पुरं होईस्तोवर त्याच्याकडे कुणी परत मागायचं नाही. मुदत नाही, दंड नाही, तगादा नाही. मी ग्रंथपाल आहे तोवर तरी नाही!" टाळ्या आणखी वाढल्या. समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली, कारण त्यांना घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी नियम भिंतीवर लागला, तोही ताईच्याच अक्षरात.

गावाचं सार्वजनिक वाचनालय ते केवढं, आणि उद्योग केवढे! सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची बैठक, म्हणजे वाचन कमी आणि भांडण जास्त. दुपारी मुलांना खेळणी घरी न्यायला द्यायची आणि चाकं मोडून परत आली की चिकटवायची. बुधवारी संगणकाची मदत. त्यात लोक आपला पासवर्ड ताईला विचारत, जसा काही तिनंच तो त्यांच्यासाठी जपून ठेवलाय. संध्याकाळी प्रौढांचा वर्ग. आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरपोच पुस्तकं. 'या लष्कराच्या भाकऱ्या हव्यात कशाला?' असं समितीतले लोक म्हणत, आणि वर्षअखेरच्या भाषणात त्याच भाकऱ्या मोजून दाखवत.

घरपोच योजनेचा पहिला सभासद ताईचा मामा. आई गेल्यावर मामानंच तिला वाढवलं होतं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, डोळ्याला भिंग लावून बसला, लग्नबिग्न काही केलं नाही. आता छातीच्या दुखण्यानं पलंगाला खिळला होता, आणि उशाशी प्राणवायूची नळकांडी उभी होती. वाचनालयाच्या मागच्याच गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. दुपारच्या सुट्टीत ताई धावत घरी यायची, मामाला चार घास भरवायची आणि वाचून दाखवायची.

वाचायला घेतली होती चार खंडांची एक जाडजूड कादंबरी. एका बंदरातलं जहाजवालं घराणं, त्याचे हेवेदावे, त्याची बुडालेली जहाजं. तिसरा खंड संपला तेव्हा थोरला भाऊ समुद्रात नाहीसा झाला होता, आणि धाकटी बहीण राहतं घर विकून त्याला शोधायला धक्क्यावर येऊन उभी होती. ताईनं पुस्तक मिटलं. मामा छताकडे बघत राहिला.

"मिळतो का गं तो?"

"उद्या चौथा आणते, मग कळेल."

पण चौथा खंड जागेवर नव्हता. तो इस्त्रीवाल्या काकूंनी नेला होता. काकू म्हणजे चौकातल्या कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणारी, पन्नाशी उलटल्यावर पाटी धरलेली ताईची सगळ्यांत हट्टी विद्यार्थिनी. तिचं हे पहिलं पुस्तक. ताईनं आजूबाजूच्या सगळ्या वाचनालयांना फोन लावले. कुणाकडे दुसरा खंड होता, कुणाकडे पहिला, एका ठिकाणी नुसतं वेष्टन होतं. प्रकाशकानं तर दुकान कधीच गुंडाळलं होतं.

त्याच आठवड्यात डॉक्टर मामाला तपासून दाराशी आले. ते स्वतःही वाचनालयाचे सभासद. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "कुठवर आलीय कादंबरी?"

"एक खंड राहिलाय."

"हं," डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले, "जरा भरभर वाचा."

ताई दाराला धरून उभी राहिली. डॉक्टर गल्ली ओलांडून गेले तरी तिला आत जाववेना.

संध्याकाळी ती इस्त्रीच्या दुकानात गेली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती: काकू, थोडे दिवस द्या, मी स्वतः परत आणून देईन, नियम आपला आहेच. दुकानात गरम कापडाचा वास होता. इस्त्री उभी करून ठेवलेली, घडी घातलेल्या शर्टांची चळत बाजूला सारलेली, आणि त्या जागेत पुस्तक उघडं. काकू एकेका अक्षरावर बोट ठेवून ओठ हलवत होती. पानात खूण म्हणून गिऱ्हाइकाच्या कपड्यावरची नंबराची चिंधी. ताईला बघताच काकूनं दोन्ही हात पुस्तकावर ठेवले.

"परत न्यायला आलात?"

"छे हो," ताई म्हणाली, "सहजच." आणि जुळवलेली सगळी वाक्यं गिळून टाकली.

"मग एक विचारू? हसू नका बरं. मी अक्षर न् अक्षर वाचते. पण ही माणसं कोण, कुणाची कोण लागतात, काही पत्ताच लागत नाही. पहिल्या पानावरच ही बाई धक्क्यावर रडतेय. का रडतेय, ते कुणी सांगायला तयार नाही. वाचता आलं म्हणून काय झालं, कळायला डोकं लागतं, ते देवानं मला दिलेलं दिसत नाही."

"अहो काकू, हा चौथा खंड! आधीचे तीन न वाचता तुम्ही चौथाच का उचललात?"

"आधीचे तीन?" काकूनं पुस्तक उलटं करून पाहिलं, जणू ते तीन मागं कुठं चिकटलेले असतील. "मला काय माहीत? तुम्हीच म्हणालात, पहिलं पुस्तक बारीक घ्या. त्या फळीवर हेच सगळ्यांत बारीक होतं. तुम्हीच तर शिक्का मारून दिलंत."

ताईनं कपाळावर हात मारून घेतला. समारंभाच्या गडबडीत खरोखरच तिनंच शिक्का मारला होता, वर "शाब्बास" म्हणाली होती.

घरी येऊन तिनं मामाला सगळं सांगितलं. मामा इतका हसला की खोकल्याची उबळ आली, आणि ताईला त्याची पाठ चोळत बसावं लागलं. दम परत आल्यावर तो म्हणाला, "बिचारीकडे शेवट आहे, पण सुरुवात नाही. आणि मी सुरुवात घेऊन पडलोय. बोलव तिला. येताना पुस्तक घेऊन ये म्हणावं."

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद केलं की काकू येऊ लागली. पलंगाशेजारच्या खुर्चीत अवघडून बसायची, पुस्तक दिव्याखाली धरायची आणि सुरू करायची. एक शब्द झाला की दुसऱ्याची तयारी. मधेच मामा बोट वर करायचा. काकू थांबायची. मग मामा दम खात सांगायचा, ही धाकटी, हिला आईवेगळी म्हणून भावानं सांभाळलं, त्या भावाचं जहाज असं गेलं, आणि हा जो आता गोड बोलतोय ना, त्यानंच ते घालवलं.

"अगोबाई! म्हणून रडतेय होय!" काकू हरखून गेली. "म्हणजे माझं डोकं धड आहे!"

"एकदम धड. वाच पुढं."

एका संध्याकाळी पान होई, कधी अर्धं. ताई पलीकडच्या खोलीत मामाच्या वाफाऱ्याला पाणी तापवत असायची आणि ऐकत असायची. खरं तर ऐकत नसायचीच. उरलेली पानं आणि मामाचा उरलेला श्वास, असं गणित तिच्या डोक्यात चाललेलं असायचं, आणि ते काही केल्या सुटत नव्हतं. पुस्तक काढून घ्यावं तर आपलाच नियम, आपल्याच अक्षरात. राहू द्यावं तर मामा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे काकू एकेक अक्षर टिपत चाललेली. ताईला तिचा राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची, मग पाणी उतू जायचं.

एकदा न राहवून ती म्हणाली, "काकू, तुम्ही दिवसभर उभ्या असता, दमला असाल. जरा मी वाचते."

काकूनं लगेच पुस्तक पुढं केलं. ताईनं सपाटा लावला. चार पानं एका दमात झाली. मामानं डोळे मिटले होते. काकू पहिल्या पानाअखेरीस हरवली होती आणि मांडीवरच्या हातांकडे बघत बसली होती.

काकू गेल्यावर मामा म्हणाला, "उद्यापासून तिलाच वाचू दे. आणि ही चार पानं पुन्हा घ्या."

"पुन्हा? अरे मामा, असं केलं तर..."

"तर पुरं व्हायचं नाही. जन्मभर घड्याळं उघडली मी पोरी, चावी कितीशी उरलीय ते मला कळतं."

"मग मला का वाचू देत नाहीस? मी वाईट वाचते का?"

"छान वाचतेस. शब्द कसा लखलखीत. पण वाचताना तू इथं नसतेस." मामा थांबला, नळी नाकाशी नीट केली. "तिसऱ्या खंडात तू एक अख्खं पान दोनदा वाचलंस. तुला पत्ताही नव्हता. मी काही बोललो नाही."

ताईचा चेहरा उतरला. "मी औषधांचा विचार करत असेन. तुझ्याच औषधांचा, मामा."

"माहीत आहे मला ते," मामा म्हणाला, आणि तिच्या हातावर हात ठेवला. त्या हातात आता वजनच राहिलं नव्हतं.

तिनं शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "निदान शेवटचं पान तरी सांगते. भाऊ मिळतो की नाही, एवढंच."

"काटा बोटानं ढकलला म्हणून वेळ होत नसते," मामा म्हणाला. "घड्याळ मात्र बिघडतं."

मग पुन्हा काकू, पुन्हा बोट, पुन्हा पान, कधी अर्धं. मामाचं सांगणं आता कमी कमी होत गेलं. तो नुसतं बोट वर करायचा आणि काकू थांबून राहायची, त्याला दम मिळेपर्यंत. कधी दम मिळायचा, कधी नाही. तेव्हा काकू तेच वाक्य पुन्हा एकदा वाचायची. ताईला वाटायचं, पळत जाऊन कुणाला तरी आणावं, पण आणण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. डॉक्टर येऊन गेले होते.

तो बुधवार होता. ताई वाचनालयात कुणाचा तरी पासवर्ड बदलून देत होती. शेजारीण दारात येऊन नुसती उभी राहिली आणि ताईला कळलं. आदल्या संध्याकाळी धाकटीचं जहाज परक्या बंदराला लागलं होतं. पुढची पानं राहिली ती राहिलीच.

त्या संध्याकाळी काकू नेहमीच्या वेळी आली, पुस्तक पदराखाली धरून. दाराशी इतक्या चपला बघून ती पायरीवरच थबकली. आत आली नाही, परतही गेली नाही.

ताई कामावर रुजू झाली. पेपरवाल्या म्हाताऱ्यांनी चार दिवस न भांडता वाचन केलं, हाच त्यांचा दुखवटा. त्यानंतर एका दुपारी काकू आली आणि टेबलासमोर बसली.

"द्यायला आणलंत?" ताईनं विचारलं.

"नाही हो. पुढं वाचलं मी. संध्याकाळ झाली की हात आपोआप पुस्तकाकडेच जातो. पण इथं येऊन घोडं अडलंय." काकूनं चिंधी बाजूला केली आणि इस्त्रीनं पोळलेलं बोट एका ओळीवर ठेवलं. "ही दार वाजवते. दार उघडतं आणि समोर दीपगृहावरचा म्हातारा उभा. त्याला बघताच ही मटकन खाली बसते. ताई, हा म्हातारा कोण? लिहिलंय तर असं, जसं काही तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे."

ताईनं ती ओळ वाचली. तीन खंड तिच्या स्वतःच्या तोंडून गेले होते, शब्द न् शब्द. तिनं आठवून पाहिलं. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, ते आठवलं. दूध नासलं ती दुपार आठवली, नळकांडं वेळेवर आलं नाही तो दिवस आठवला. दीपगृह काही आठवेना. मग एकदम आठवलं ते एवढंच: मामानं एकदा मधेच तिचं मनगट धरलं होतं आणि म्हणाला होता, "हा म्हातारा लक्षात ठेव हं, पुढं लागेल असं वाटतंय." आणि ती "हं" म्हणून पुढं वाचत गेली होती.

तिनं फळीवरून तिन्ही खंड आणले, भराभर पानं उलटली, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळं तिला एकही ओळ धड दिसेना.

"मला माहीत नाही, काकू."

"असं कसं? तुम्हीच तर वाचून दाखवलंत ना मामांना?"

"हो," ताई म्हणाली, "मीच वाचलं."

काकूला यातलं काही कळलं नाही. तिनं बोट त्या ओळीवरून उचललं नाही आणि ताईच्या तोंडाकडे बघत, मामाला दम मिळेपर्यंत थांबायची तशी, थांबून राहिली. तिला घाई नव्हती. तिच्या पुस्तकाला मुदतच नव्हती.