लाँड्रीतल्या फळ्यावरचं नाव

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, लाँड्रीतला. एका सुताराने उरलेल्या फळीला काळा रंग फासून मला इस्त्रीच्या टेबलासमोर टांगलं. कुठल्या हॉटेलच्या चादरी किती वाजता पोचवायच्या, एवढंच माझ्यावर लिहिलेलं असायचं.

मग एकदा बॉयलरवाले काका भाजले. हात कोपरापर्यंत सोलून निघाला. विमा कंपनीचं पत्र आलं की हे आमच्या कलमात बसत नाही. काकांनी बायकोचे दागिने मोडले आणि अर्धवट बऱ्या हातानेच ते कामावर आले.

रफूच्या मशीनवरच्या ताईंना ते बघवेना. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खडू उचलला.

"आपण तेवीसजण आहोत. दर महिन्याला प्रत्येकाने थोडे बाजूला टाकायचे. ज्याच्यावर दवाखान्याची वेळ येईल, त्याचं बिल सगळ्यांचं. पटतंय का बघा."

बावीसजणांना पटलं. चादरी पोचवायच्या गाडीवर जो असायचा, त्याला नाही. प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतो म्हणून सगळे त्याला 'वकील' म्हणायचे.

"माझा पक्का विमा आहे," तो म्हणाला. "तुमच्या सर्दीपडशाला मी का पैसे देऊ? ही कसली मदत? भीक आहे ही!"

ताईंचा चेहरा उतरला. तरी चार वर्षं सगळं नीट चाललं. इस्त्रीवाल्या मावशींचं पोटाचं ऑपरेशन झालं, धुलाईवाल्याचा मोडका पाय जुळला. वकिलाचे टोमणे मात्र थांबले नाहीत.

पाचव्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली. तीन नसा बंद. रक्तदाबाची गोळी घेत होता, ते अर्जात लिहिलं नव्हतं, म्हणून विमा कंपनीने हात वर केले. त्याची बायको ते पत्र घेऊन लाँड्रीत आली. कागद नुसता उलटसुलट करत राहिली.

ती गेल्यावर मावशी उसळल्या, "आता बरी आठवण झाली आपली!"

"आणि बाहेरच्याला दिले तर उद्या आपल्यातलं कुणी पडल्यावर काय करायचं?" धुलाईवाल्याने विचारलं. त्याचंही खरंच होतं. ताई मान खाली घालून रफू करत राहिल्या. वकिलाचा 'भीक' हा शब्द त्यांनाच लागला होता.

तेव्हा बॉयलरवाले काका उठले. "जमलेल्या पैशांना हात लावायचा नाही. पण माझी आठवड्याची मजुरी मी वेगळी देतो. असं पत्र आल्यावर माणसाला काय वाटतं, ते मला विचारा."

मावशींनी दोन चादरींवर इस्त्री रेटली. मग म्हणाल्या, "माझीही घ्या. पण बरा झाला की चार शब्द सुनावणार हां!"

मग एकेक हात वर होत गेला. माझ्यावर बावीस नावं लिहिली गेली. खाली जागा पुरेना, तर शेवटची दोन नावं कडेने उभी लिहिली. ताई दवाखान्यात जाऊन बिलाची ओळ न् ओळ वाचून आल्या. "हे इंजेक्शन दोनदा कसं?" असं विचारून त्यांनी बिल बरंच खाली आणलं. उरलेलं सगळ्यांनी भरलं.

दोन महिन्यांनी वकील हळूहळू चालत आला आणि थेट इस्त्रीच्या टेबलापाशी उभा राहिला.

"बोला मावशी. ऐकायलाच आलोय."

मावशींनी स्टूल पुढे सरकवलं. "आधी बस. धाप लागलीय तुला."

त्यानंतर वकिलाने आपलं तोंड चांगल्या कामाला लावलं. चादरी पोचवायला जाईल तिथे वाद घालून माणसं या वर्गणीत जोडली. आज अकरा ठिकाणची तीनशे घरं आमच्यात आहेत.

माझा एक कोपरा वाफेने फुगलाय. चादरींच्या वेळा आता फोनवर येतात. माझ्यावर फक्त आजारी माणसाचं नाव असतं. आज सकाळी मावशींच्या नातीचं होतं. दुपारी फोन वाजला. वकिलाने ऐकलं आणि तो ओरडला, "शुद्धीवर आली! पाणी मागतेय!"

मशिनं थांबली, टाळ्या वाजल्या. मावशी पदर डोळ्यांना लावून हसत होत्या. वकिलाने स्टुलावर चढून बाहीनेच ते नाव खसाखसा पुसलं. तेवढ्यासाठी तर मी इथे टांगलेला आहे.

तुमच्या कामाच्या जागीही एखादी भिंत रिकामी असेल. माझ्यासारखा एखादा फळा तिथे टांगा. कुणी आजारी पडायची वाट बघू नका.