जिन्यावरचे पाय

पुष्पाबाईंनी अनारशांचं ताट आधी ललितच्या हातात दिलं, मग नवीनच्या. अधिक महिना लागला तसे दोघे जावई देवपूरला सासुरवाडीस आले होते. थोरल्या ललितला सासऱ्यांनी, अभिमन आबांनी, सोन्याची अंगठी घातली. धाकट्या नवीनच्या मांडीवर एक भलंमोठं खोकं ठेवलं.

"आबा, खरंच आणलात?" नवीनने कान झाकणारा काळा हेडफोन बाहेर काढला.

"तुम्ही मांगं, मी आनं. सोता जळगाव जाईसनी," आबा खुशीत आपल्या अहिराणीत म्हणाले.

आबांनी फोन करून ललितलाही विचारलं होतं. थोरल्या जावयाने तोंड उघडून मागायचं नसतं, म्हणून तो म्हणाला होता, "काही नको, तुमचा आशीर्वाद असू द्या." आता त्याची नजर त्या खोक्यावरून हलेना.

"अंगठी घट्ट होतेय का?" त्याच्या बायकोने, सुलक्षणाने विचारलं. "सारखी फिरवताय."

एरवी ललित चोपड्यात आणि नवीन जळगावात बसून मोबाईलवरचा बंदुकांचा गेम एकाच टीममधून खेळत. कॅप्टन ललितच. दुश्मन कुठे असेल याचा अंदाज तो बांधायचा आणि नवीन मुकाट मागे यायचा. आज जेवणं उरकून दोघे शेजारी बसले आणि सगळं उलटं झालं. नवीन हेडफोन लावून सांगत होता, "भाऊ, डावीकडे. वरच्या मजल्यावर. दोघं आहेत." आणि दोघं असायचेच. ललितच्या जुन्या इअरफोनचा एक कान कधीच मुका झाला होता.

"नशीबवान माणूस," ललित म्हणाला.

"घ्या ना भाऊ, एक गेम तुम्ही लावा."

ते इतक्या सहज दिलेलं त्याला जास्त झोंबलं. तरी त्याने हेडफोन चढवला.

आजूबाजूचं घर पुसून गेलं. सुलक्षणाचा आवाज, पंख्याची घरघर, काही उरलं नाही. पायाखाली वाळका पाला चुरचुरत होता. उजव्या हाताला कुठेतरी पाणी वाहत होतं. मागे फांदी मोडली तशी ललितने खरोखरची मान वळवली. मागे नुसतं कपाट होतं. आपण इतकी वर्षं हा खेळ खिडकीबाहेरून पाहत होतो, असं त्याला वाटून गेलं.

खेळातला नवीन एका लाकडी घरात शिरून औषधं गोळा करत होता. तेवढ्यात ललितला पाय ऐकू आले. त्या घराच्या जिन्यावर, एकेक पायरी दाबत कोणीतरी नवीनच्या पाठीमागे चढत होतं. ललितने तोंड उघडलं, आणि मिटलं.

गोळी सुटली.

"अरे! भाऊ, तुम्हाला पाय ऐकू नाही आले?"

"नाही."

नवीनने हेडफोन काढून घेतला, उलटसुलट पाहिला. "इतक्या जवळचे पाय ऐकू येत नसतील तर काय उपयोग?"

"खराब निंघनं का?" आबा खुर्चीतून उठले.

"मी म्हणत होते, दोघांनाही अंगठीच करा," पुष्पाबाई म्हणाल्या. "सोन्याला काही होत नाही."

ललितला दुपारपासून हेच कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्याने मान खाली घातली.

आबांनी हेडफोन खोक्यात आणि खोकं पिशवीत घातलं. "उद्या सकाळच्या गाडीने जातो. या उन्हात पुन्हा एक फेरी, दुसरं काय? ललितराव, तुम्ही लावून पाहिलाय. दुकानदाराला नेमकं काय सांगू?"

चेहरा पडला होता त्यांचा. पिशवीचे बंद ते पुन्हा पुन्हा ओढत होते.

"आबा, बसा," ललित म्हणाला. "काही खराब नाही. पाय ऐकू आले होते मला."

"कधी?" नवीनने विचारलं.

"जिना चढतानाच."

आबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पिशवीतून खोकं बाहेर काढलं. त्यांना तेवढंच हवं होतं. नवीनने त्यातला हेडफोन कानांवर चढवला, आपली उशी उचलली आणि ललितच्या शेजारून उठून त्याच्या समोर, भिंतीला पाठ टेकून बसला.

"चला कॅप्टन," तो म्हणाला, "लावा पुढचा गेम."