चाळीस रकाने

"नावाने सापडत नाही, मावशी. मागच्या गुरुवारीही बघितलं होतं," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. मावशींनी मान डोलावली, पण खिडकी सोडली नाही.

मागच्या टेबलावरच्या प्रोग्रामरने हे चौथ्यांदा ऐकलं. अनाथगृहाच्या जुन्या नोंदी संगणकात चढवायच्या आणि शोधाचं पान सांभाळायचं, या हंगामी कामावर त्याची नऊ वर्षं गेली होती. आपण नेमकं काय करतो, हे त्याला बायकोलाही धड सांगता आलं नव्हतं.

त्याने मावशींना आत बोलावून खुर्ची दिली. बावन्न वर्षांपूर्वी पुरातून माणसं हलवताना त्या एका ट्रकमध्ये चढल्या आणि भाऊ दुसऱ्यात. त्या नऊ वर्षांच्या, तो चारचा. नाव सोडून काही आठवतं का, असं त्याने विचारलं. मावशींचा हात नकळत स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला.

"त्याच्या कानाची पाळी फाटलेली होती. माझ्याच हातून. खेळताना."

नोंदीत अंगावरच्या खुणेचा रकाना होता, पण शोध चालायचा फक्त नावावर. रकाने चाळीस, प्रत्येकासाठी वेगळा शोध कोण लिहीत बसणार, म्हणून ते काम त्याने वर्षानुवर्षं पुढे ढकललं होतं. आता त्याची त्यालाच लाज वाटली. शोध एकच लिहायचा. कुठल्या रकान्यात बघायचं ते विचारणाऱ्याने निवडायचं, आणि त्या रकान्याचं नाव ऐन वेळी शोधात जाऊन बसायचं. मात्र पडद्यावरून येईल ते नाव डोळे झाकून घेतलं, तर कुणीही नको तिथे हात घालेल. म्हणून त्याने परवानगीच्या रकान्यांची यादी केली. यादीत नाव असेल तरच पुढे. उद्या वरून विचारलं तर काय सांगायचं, म्हणून खिडकीवरच्या बाई कुरकुरल्या. मी सांगेन, तो म्हणाला.

दुपार सरत आली तेव्हा त्याने 'खूण' निवडून 'कान' टाकलं. तीन नोंदी आल्या. तिसरीत डावी पाळी फाटलेली, वय चार, साल पुराचंच. नाव मात्र संस्थेने ठेवलेलं. अठराव्या वर्षी बाहेर पडला. पुढचा पत्ता कोरा.

मावशी पडद्याकडे वाकल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"आणखी काय लिहिलंय?"

शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्याने तो वाचून दाखवला.

"नाव विचारलं तर सांगत नाही. 'ताई' म्हणून हाका मारतो."

"ओ," मावशी हलकेच म्हणाल्या.