भिंतीवर उमटलेली नावं

मित्रांनो, मी न्यू जर्सीतल्या एका कॉलेजचा जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. माझ्या दिव्याने कित्येक वर्षं रोमचे सम्राट आणि त्यांच्या विजयाच्या कमानी भिंतीवर उजळल्या. मुलं जांभया देत, मी घरघरत राही.

२००३ साली वसुधाताई प्राचीन रोम शिकवायला आल्या. पहिल्याच तासाला त्यांनी एका लोखंडी गळपट्ट्याची स्लाइड लावली. तो रोममधल्या एका गुलामाच्या गळ्यातला होता. त्यावर कोरलं होतं, 'मी पळालो आहे, मला धरा.'

"यातला 'मी' कोण?" ताईंनी विचारलं.

"ओनर," जवळच्या एडिसन गावची इशिता हळूच म्हणाली. "त्या माणसाला कुणी विचारलंच नाही."

त्या दिवसापासून इशिता माझ्याजवळच्याच बाकावर बसू लागली. तिला कम्प्युटर सोडून हाच विषय घ्यायचा होता. तिचे बाबा संजीव पुण्याहून आलेले इंजिनिअर. ते काळजीने ताईंना भेटायला आले. "हे शिकून जॉब कुठे मिळणार?"

ताईंनी वाद घातला नाही. मला सुरू केलं. भिंतीवर समाधीचा दगड उमटला. गुलामीतून सुटलेलं एक जोडपं, हातात हात, खाली मोठ्या अक्षरांत नावं.

"एवढी मोठी अक्षरं कशाला?" संजीव यांनी विचारलं.

"बिकॉज नाउ दे कुड, बाबा," सोबत आलेली इशिता म्हणाली. "आधी त्यांचं लग्नसुद्धा कायद्याने लग्न नव्हतं."

संजीव बघतच राहिले. "माझं असलं काही नव्हतं," ते सावकाश म्हणाले. "पण व्हिसा कंपनीच्या हातात, त्यामुळे ग्रीन कार्ड येईपर्यंत कंपनी सोडायची भीती वाटायची. कार्ड आलं आणि मी दारावर पूर्ण नावाची पाटी लावली. तुझी आई हसली होती." मग म्हणाले, "कर तू हेच. मला मात्र समजावून सांगत जा."

मित्रांनो, एवढं समाधान मला कुठल्याच सम्राटाने दिलं नव्हतं.

२००८ साली वर्गात कम्प्युटर आला आणि मी कपाटात गेलो. दमट हवेने माझ्या स्लाइड्सवर बुरशी धरली. पुढच्या शिक्षणाला निघालेली इशिता ताईंचा निरोप घ्यायला आली, तेव्हा संजीवही सोबत होते. दोघांनी खिडकीपाशी बसून एकेक स्लाइड पुसली. एका स्लाइडमधल्या दगडावरचं नाव बुरशीने पार खाल्लं होतं. संजीव ती स्लाइड उजेडात फिरवत राहिले.

"हे कोण होते गं?"

इशिताने स्लाइडची चौकट उलटून पाहिली, मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

माझा दिवा विझला याचं मला दुःख नाही. नवा कम्प्युटर माझ्यापेक्षा लख्ख दाखवतो. पण ते नाव माझ्याजवळ असताना गेलं, ही खंत जात नाही. मित्रांनो, तुमच्या घरी जुने फोटो असतील. त्यातली माणसं ओळखणारं कुणी आहे तोवर, मागे त्यांची नावं लिहून ठेवा.