आवाज आला, चित्र आलंच नाही

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. भिंतीएवढ्या पडद्यावर चित्र दाखवणं हे माझं काम होतं. आता मी भाड्याच्या सामानाच्या गोदामात, खुर्च्यांच्या चळतीमागे पडून असतो.

एका वहिनींनी आणि त्यांच्या दिराने मिळून मला विकत घेतलं, तेव्हा मी कोरा करकरीत होतो. सामने, भाषणं, शाळांची नाटकं, सगळं मी दाखवलं. लोक माझं तोंडभरून कौतुक करत. वहिनी माझं भिंग मऊ फडक्याने पुसत, जाळीतली धूळ काढत.

पुढे काळ बदलला. चौपट बारीक ठिपक्यांची चित्रं येऊ लागली. ती मला झेपेनात. मग मधे एक छोटी पेटी जोडली. आलेलं चित्र ती माझ्या बेताचं करून देई.

एकदा आमच्या भागातली एक मुलगी पोहण्याच्या मोठ्या शर्यतीसाठी परदेशी गेली. तिच्या आईची नजर दिवसेंदिवस मंद होत चालली होती. घरच्या टीव्हीवर तिला काही दिसत नसे. म्हणून मुलीच्या मामाने सभागृह घेतलं आणि मला भाड्याने मागवलं.

"एवढ्या मोठ्या पडद्यावर तरी ताईला लेक दिसेल," तो म्हणाला.

"भाऊजी, आधी एकदा चालवून बघू या," वहिनी म्हणाल्या.

"उगाच कशाला, वहिनी? आजवर कधी अडलंय का?" दीर हसले.

शर्यतीच्या दिवशी दुपारी सभागृह गच्च भरलं. आई पहिल्या रांगेत भावाचा हात धरून बसली. शर्यत सुरू झाली. आवाज खणखणीत आला, पडदा मात्र निळाच राहिला. चित्र पाठवण्याची पद्धत या वेळी नवी होती आणि ती पेटीलाही उमगेना. 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरं मी दाखवत राहिलो. दीर घाम पुसत तारा काढत होते, पुन्हा खुपसत होते.

"निळं निळं दिसतंय," आई आनंदाने म्हणाली. "पाणीच ना ते? माझी पोर कुठाय रे त्यात?"

तेवढ्यात शर्यत संपलीसुद्धा.

काही महिन्यांनी वहिनींनी त्या शर्यतीचं चित्रण मिळवलं, माझ्या मापाचं करून घेतलं आणि आईला बोलवायला गेल्या. तोवर तिची नजर पार गेली होती.

"राहू दे गं," ती म्हणाली. "आवाज ऐकलाय मी."

त्यानंतर मला कोणी बाहेर काढलं नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राला कामाला लावण्याआधी त्याला काय झेपतं ते नीट बघा. आधी एकदा चालवून पाहा. कार्यक्रम काय, पुन्हा लावता येतो. पण समोर बसलेल्या एखाद्याच्या डोळ्यांकडे तेवढा वेळ नसतो.