गुरुपादप्पा किराणा, रुपये चाळीस

सरजाबाईंनी स्टेटमेंट बँकेच्या काउंटरवर पसरलं आणि लाल पेनाने खुणा केलेल्या ओळींवर एकेक करून बोट ठेवलं.

"हे सात. दर रविवारी चाळीस रुपये. गुरुपादप्पा किराणा. या दुकानात मी पाऊल ठेवलेलं नाही."

कारकुनाने कागद उलटसुलट केला. "तुमच्याच मोबाइलवरून गेलेत, मावशी. घरात कुणी वापरतं का बघा. चाळीस रुपयांसाठी कशाला एवढं?"

"सरकारी दवाखान्यात सिस्टर होते मी. तीस वर्षं थेंब मोजून औषध पाजलंय. अर्ज द्या."

अर्जावर छापलेलं होतं : 'खालील व्यवहार मी केलेले नाहीत.' तारखा भरून सोमवारी आणा, असं सांगून त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

प्रश्न चाळीस रुपयांचा नव्हताच. जळकोटकडच्या त्यांच्या गावात एक गुरुपादप्पा होता. त्याच्या दुकानात मिठाचे पैसे उंबऱ्यावर ठेवावे लागत. तो आधी नाण्यांवर तांब्यातलं पाणी शिंपडायचा आणि मगच उचलायचा. एके दिवशी आईने ती ओली नाणी परत घेतली, पदराला पुसली आणि लहानग्या सरजाला म्हणाली, "या घराला पुन्हा एक पैसा द्यायचा न्हाई." तेव्हापासून मिठासाठी दोन कोस चालणं आलं. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. तिचा शब्द सरजाबाईंनी कधी मोडला नव्हता. आणि आता त्याच नावावर त्यांच्या पेन्शनीतून पैसे जात होते. पाणी शिंपडायचीसुद्धा तसदी नाही.

घरी सून बुद्धप्रिया भाकरी थापत होती.

"किराणा कुठून आणतेस गं?"

"चौकातून. का?"

"गुरुपादप्पाकडून?"

"कोण गुरुपादप्पा?"

"मग माझ्या फोनवरून पैसे कोण देतं त्याला?"

बुद्धप्रियाने हाताचं पीठ झटकलं. "आई, फोन तुमच्या उशाखाली असतो. रविवारी विहारात जातानाही तुमच्याच पिशवीत. मला चोर ठरवायचं तर निदान एकदा हातात तरी येऊ द्या तो!"

सरजाबाईंनी अर्ज काढला आणि सातही तारखा भरल्या.

रविवारी विहाराच्या फाटकाबाहेर मल्लम्माची फळी नेहमीसारखी मांडलेली होती. मेणबत्त्या, उदबत्त्या, मोगरा. ही म्हातारी दोन महिन्यांपासूनच इथे बसू लागली होती. सरजाबाई कोड स्कॅन करायच्या, चाळीस टाकायच्या, फळीवरच्या स्पीकरच्या डब्यातून पैसे मिळाल्याचा आवाज आला की आत जायच्या. त्यासाठी चष्मा कधी लावावा लागला नव्हता. आज त्यांनी मेणबत्त्या आणि फुलं पिशवीत ठेवली आणि सुनेचे शब्द आठवून चष्मा लावला.

स्क्रीनवर नाव आलं. अंगठा तिथेच थांबला.

"नेटवर्क न्हाई का, सिस्टर?" फुलांवर पाणी शिंपडता शिंपडता मल्लम्माने विचारलं.

"हे नाव कुणाचं?"

"सासऱ्याचं. ते गेले, गावातलं दुकानबी गेलं. खातं तेवढं दुकानाच्या नावानं चालू हाय." तिने मान वर केली. "तुम्हाला ठाऊक न्हाई?"

"तुम्ही मला ओळखता?"

"पहिल्याच रविवारी वळखलं. तोंडवळा आईचाच हाय तुमचा. त्यांनी नाणी उचलली तवा मी दारातच होते. नवी नवरी. तांब्या माझ्याच हातात होता." मग ती मोकळेपणाने हसली. "मला वाटलं, तुम्ही वळखूनच येऊन राहिलात. लेकीला फोनवर सांगितलंबी, सरजाबाईनं समदं मनातून काढून टाकलं म्हणून."

"काढून टाकलं?" सरजाबाईंचा आवाज असा चढला की फाटकात चपला काढणारी माणसं वळून बघू लागली. "माझ्या वतीनं तुम्हीच ठरवून मोकळ्या झालात? सात रविवार इथे उभी होते मी. एकदा तरी विचारलंत?"

मल्लम्माचं हसू मावळलं. "न्हाई विचारलं."

"मला राहू द्या. माझ्या आईला विचारायचं होतं. तेव्हा."

मल्लम्माने मान खाली घातली. फुलांवरचं पाणी फळीच्या कडेने ठिबकत होतं.

अर्ज पिशवीत होता, सातही तारखा भरलेला. मी केलेले नाहीत. केले होते, सातही त्यांनीच केले होते. सरजाबाईंनी खोट्या कागदावर कधी सही केली नव्हती. त्यांनी अर्जाचे चार तुकडे करून पिशवीत टाकले. फोन बंद केला. पाकिटातून विसाच्या दोन नोटा काढल्या आणि पुढे धरल्या.

"ठेवा तिथं फळीवर," मल्लम्मा हळूच म्हणाली. "हात वले हायेत माझे."

"खाली ठेवणार नाही. हातात घ्या."

आत वंदना सुरू झाली. सरजाबाई हलल्या नाहीत.

मल्लम्माने तांब्या फळीखाली सारला. पदराने एक हात पुसला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. आणि दोन्ही हात पुढे केले.